द्राक्षबागांची पहिली सहल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

वाइनबद्दल मी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मी वाइन घेत नाही. धर्माने नको म्हटले आहे आणि मनालाही ते पटले आहे. पण ज्या फारसी-उर्दू कवितेवर मी पोसलो, तिच्यात साकी आहे, मैखाना आहे आणि 'दुख्तर-ए-रज' म्हणजे द्राक्षवेलीची लेकही आहे. माधव जूलियनांनी उमर खय्याम मराठीत आणला, तेव्हा एका पुस्तकाला 'द्राक्षकन्या' हेच नाव दिले. पुढे १९८०च्या दशकात नारायणगावला फसफसणारी वाइन होऊ लागली, तीही परदेशात 'ओमर खय्याम' या नावाने विकली गेली. तेव्हा कवीचे या बागेशी नाते जुनेच आहे. शिवाय मित्रमंडळी नाशिकला निघाली की त्यांना एक शुद्धीवरचा सोबती हवा असतो. ते काम मी आनंदाने करतो, आणि त्यातून जे कळले ते आज सांगतो.

पहिला प्रश्न, जायचे कधी? जानेवारी ते मार्च हा वाइनच्या द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. त्यामुळे मे महिन्यात गेलात तर घड दिसणार नाहीत आणि पावसाळ्यात डोंगर हिरवे दिसतील, पण बागेत फळ नसेल. हंगामात सकाळी घड उतरवताना दिसतात, क्रेट भरून ट्रॅक्टर येतात, आवारात आंबूस-गोड वास असतो. नाशिकची थंडी संध्याकाळी बोचते, म्हणून एखादी शाल बरोबर असू द्या.

दुसरा प्रश्न, जायचे कुठे? नाशिकच्या वायनरी एका ठिकाणी नाहीत. शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा आहेत. मुंबईहून येताना आधी लागणाऱ्या इगतपुरी तालुक्यात ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने आहेत. दिंडोरीकडे शांदों आहे. निफाड तालुक्यात विंचूरला औद्योगिक महामंडळाचे वाइन पार्क आहे. नवखी माणसे एका दिवसात हे सारे उरकायला बघतात आणि निम्मा दिवस रस्त्यात जातो. एका दिवसाला एकच बाजू धरा आणि दोनच वायनरी ठरवा. एक मोठी, म्हणजे कारखान्याचा पसारा कळतो. एक लहान, म्हणजे वाइन करणाऱ्या माणसाशी निवांत बोलता येते. आधी फोन करून फेरीची वेळ विचारून घ्या. शनिवार-रविवारी गर्दी फार असते.

वायनरीत बघायचे काय? आपण खातो ती थॉमसन किंवा सोनाका जातीची द्राक्षे बिनबियांची, पातळ सालीची. वाइनची द्राक्षे लहान, बियांची आणि जाड सालीची. शेनिन ब्लां, सोविन्यों ब्लां, शिराझ, कॅबर्ने ही त्यांची नावे. फळातल्या साखरेवर यीस्ट काम करते आणि तिचे अल्कोहोल होते. गंमत अशी की बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस फिकाच असतो. रंग असतो सालीत. रस सालीसकट आंबवला की रेड वाइन, साल आधीच बाजूला काढली की व्हाइट. रेड वाइन जिभेला तुरट लागते तेही साल आणि बियांमुळेच. दुधाशिवायचा कडक चहा घेतल्यावर जीभ आखडते ना, तसेच ते. एवढे ठाऊक असले तरी फेरीतले निम्मे बोलणे समजते.

मग येते चव घेण्याची पाळी. आधी रंग बघायचा, ग्लास हलकेच फिरवायचा, वास घ्यायचा आणि मग लहानसा घोट. क्रम हलक्याकडून जडाकडे, आधी व्हाइट, मग रेड, गोड वाइन शेवटी. त्या दिवशी अत्तर लावू नका. अत्तराचा शौकीन असूनही सांगतो, शेजारच्याच्या ग्लासातला वास त्याने मरतो. टेबलावर एक भांडे असते, ती पिकदाणीच समजा. तोंडातली वाइन तिच्यात टाकणे असभ्य नाही, जाणकार तेच करतात. निघण्याआधी पोटभर खा आणि मधून मधून पाणी प्या. कुणी पेरू किंवा अननसाचा वास सांगितला आणि तुम्हाला तो आला नाही, तर मान डोलावू नका. "मला नाही आला" म्हणा. दाद खरी असावी, मुशायऱ्यातही आणि इथेही.

आता जरा कठोर बोलतो. अर्धा अर्धा घोट म्हणता म्हणता एकेका माणसाच्या पोटात दोन ग्लास जातात, आणि वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते. कायद्याने १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. पहिल्याच खेपेला १० हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण दंडापेक्षा कसारा घाटातली वळणे आठवा. चालक ठरवा किंवा रेल्वेने नाशिकरोडला उतरून दिवसभराची टॅक्सी करा. वाइनसाठी वय २१ पूर्ण हवे, महाराष्ट्रात परवानाही लागतो आणि तो एका दिवसाचाही मिळतो. ड्राय डे कधी आहे ते बघून तारीख ठरवा.

बरोबरचा कुणी नको म्हणाला तर कारण विचारू नका. कुणाचा धर्म असतो, कुणाचे औषध चालू असते, तर कुणी लहानपणी घरात बाटलीने मांडलेला खेळ पाहिलेला असतो. याच महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी 'आडव्या बाटली'ला मते देऊन दुकाने बंद करवली आहेत. त्यांचे दुःख खोटे नाही. वाइनला कितीही सुंदर नावे दिली तरी ती मद्यच आहे, हे विसरून सहलीला जाऊ नये.

आणि एक करा. चव घेण्याच्या खोलीत दिवस घालवू नका, थोडा वेळ बागेच्या कडेला उभे राहा. राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी मोठ्या आशेने वाइनच्या वेली लावल्या. २००८-०९च्या मंदीनंतर मागणी घटली, माल पडून राहिला आणि कित्येकांनी त्या बागा तोडल्या. खाण्याचे द्राक्ष निदान बाजारात नेता येते, वाइनचे द्राक्ष वायनरीने घेतले नाही तर कुणाच्या दारात न्यायचे? एका अवकाळी पावसात वर्षाची मेहनत जाते ते वेगळेच. तोडणी करणारी माणसे भेटली, त्यांना सवड असली, तर दोन शब्द बोला. यंदा पाऊस कसा झाला, भाव काय मिळाला, एवढे विचारले तरी पुरे. वाइनच्या बाटलीवरच्या कागदात नसलेली माहिती तिथे मिळते, आणि ती ऐकायला ग्लास हातात घ्यावा लागत नाही.