कूलंटचा दिवा नेमके काय सांगतो?

पोकलेन, डंपर किंवा लोडरच्या डॅशबोर्डवर कूलंट कमी झाल्याचा दिवा लागतो, बझर वाजतो, आणि तापमानाचा काटा मात्र जागचा हललेला नसतो. काटा ठीक आहे म्हणजे दिवाच खोटा, असे धरून काम पुढे रेटले जाते. हा हिशेब महागात पडतो. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे बोलतो. पातळी उतरून तो हवेत किंवा वाफेत उघडा पडला, की इंजिनाचे हेड भलतेच तापलेले असतानाही तो कमी आकडा दाखवू शकतो. पातळीसाठी वेगळा सेन्सर ठेवलेला असतो तो यासाठीच. काटा चढण्याआधी दिवा लागणे यात काही विपरीत नाही, तेच त्याचे काम आहे.

पनवेल तालुक्यात या यंत्रांची कधीच वानवा नव्हती. नवी मुंबई विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी सुरुंग लावून कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, तरी परिसरातली खोदाई आणि भराव काही थांबलेले नाहीत. काळा पाषाण उचलताना इंजिन तासन् तास भरभक्कम भाराखाली चालते. डिझेलमधल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने ३५ ते ४० टक्केच कामी येते. उरलेल्या उष्णतेचा बराचसा भाग धुराड्यातून जातो आणि जवळपास तेवढाच कूलंटला रेडिएटरपर्यंत वाहून न्यावा लागतो.

कूलंट म्हणजे साधारणपणे निम्मे पाणी, निम्मे इथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायने. कोकणात पाणी गोठत नाही, मग ग्लायकॉल कशाला, हा प्रश्न गॅरेजात हमखास निघतो. उत्तर उकळण्यात आहे. हे मिश्रण उघड्यावर १०७ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. टाकीची कॅप कुकरच्या शिट्टीप्रमाणे आत सुमारे एक बार दाब धरून ठेवते, त्यामुळे उकळण्याचे तापमान १२५ अंशांच्या पुढे ढकलले जाते. कॅपचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग बसली, की हा दाब टिकत नाही. मग कूलंट उकळून बाहेर पडते आणि कुठेही गळती नसताना टाकी रिकामी होत जाते. सर्वांत स्वस्त भाग हाच, आणि तपासायचा राहतो तोही हाच.

दिवा लागल्यावर यंत्र सपाट जागी उभे करून इंजिन बंद करावे आणि निवू द्यावे. तापलेली कॅप उघडली तर दाब एकदम उतरतो, आतला द्रव क्षणात उकळून उसळतो आणि तोंड-हात भाजतात. तापमान ५० अंशांच्या खाली आल्यावरच कॅपला हात लावावा. सपाट जागेचा आग्रहही उगाच नाही. खाणीच्या उतारावर टाकीतला द्रव एका बाजूला झुकतो आणि भरलेल्या टाकीतही सेन्सर कोरडा पडू शकतो. असे हेलकावे गाळण्यासाठी इंजिनाचा संगणक काही सेकंद थांबून मगच दिवा लावतो. चढावर लागून सपाटीला विझणारा दिवा मात्र सहसा पातळी जेमतेम उरल्याचे सांगत असतो.

टाकी भरलेली असूनही दिवा जात नसेल तर संशय सेन्सरवर जातो. काही यंत्रांत तरंगता गोळा असतो. त्यातल्या चुंबकाने काचेच्या नळीतला स्विच उघडझाप करतो. गोळा गाळाने अडकतो, तर कधी दणक्यांनी स्विच निकामी होतो. इतर यंत्रांत धातूची टोके कूलंटमधून अगदी अल्प वीज जाते का, एवढेच पाहतात. त्यांवर क्षारांचा थर बसला, की कूलंट असूनही ते त्यांना दिसत नाही. नुसते डिस्टिल्ड वॉटर भरले तरी तेच, कारण शुद्ध पाण्यातून वीज जेमतेम जाते. समुद्राकाठच्या दमट हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो, पावसाळ्यात त्यात पाणी शिरते. म्हणून सेन्सर बदलण्याआधी कनेक्टर सोडून पिना पाहाव्यात, मल्टिमीटरने वायर तपासावी.

स्कॅनर असेल तर काम सोपे होते. जे-१९३९ या प्रमाण पद्धतीत कूलंटच्या पातळीचा क्रमांक एसपीएन १११ आहे. त्यापुढे दोषाचा प्रकार सांगणारा एफएमआय १ किंवा १८ आला तर पातळी कमी, ३ किंवा ४ आला तर विजेचा दाब मर्यादेबाहेर, म्हणजे वायर किंवा सेन्सरचा दोष. साध्या स्विचच्या सेन्सरमध्ये मात्र तुटलेली वायर आणि रिकामी टाकी संगणकाला सारखीच दिसू शकते. सेन्सरच्या दोन वायरी जोडून दिवा विझवण्याचा जो ‘जुगाड’ चालतो, तो इंजिनाच्या किमतीकडे पाहता निव्वळ वेडेपणा आहे.

पातळी खरोखर उतरली असेल, तर कूलंट गेले कुठे हा खरा प्रश्न. टाकीच्या तोंडाला हातपंप लावून कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटे पंपाचा काटा पाहायचा. काटा उतरला तर होजच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे आणि वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र पाहावे. वाळलेल्या कूलंटचा पांढरा किंवा रंगीत थर गळतीची जागा दाखवतो. काही क्लिपा फक्त थंडपणी गळतात, तापल्यावर रबर फुगून फट बुजते. म्हणून पहाटेची तपासणी दुपारपेक्षा जास्त सांगून जाते.

बाहेर थेंबही नसेल तर कूलंट आत जात असते. धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर, टाकीत सतत बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल या खुणा हेड गॅस्केट, ईजीआर कूलर किंवा ऑइल कूलरकडे बोट दाखवतात. ऑइल कूलर फुटला तर चालू इंजिनात ऑइलचा दाब जास्त असल्याने ऑइल कूलंटमध्ये शिरते. इंजिन बंद झाले, की ऑइलचा दाब लगेच संपतो, कूलंटचा उरतो आणि प्रवाह उलटा होतो.

लायनरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीचे, दुखणे याहून छुपे. प्रत्येक स्फोटाबरोबर लायनर थरथरतो, बाहेरच्या बाजूला बारीक बुडबुडे उठतात आणि फुटताना धातू टोकरतात. वर्षानुवर्षे हे चालले, की लायनरला आरपार भोक पडते. कूलंटमधली रसायने धातूवर पातळ कवच धरून हे रोखतात. साधे पाणी ओतत गेले, की ती विरळ होत जातात. शिवाय पाणीही कुठलेही चालत नाही. कॅटरपिलरच्या देखभाल पुस्तिकेत कूलंटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ४० मिलिग्रॅमपर्यंतच चालते, तर पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा २५० आहे. खाडीलगतच्या बोअरवेलचे पाणी तर इंजिनात घालूच नये.

दुरुस्तीनंतर आधीच्याच प्रकारचे कूलंट हळूहळू भरावे, हवा काढण्याचे स्क्रू असतील तर ते सैल करावेत. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून, पुन्हा निवल्यावर पातळी पाहावी. अडकलेली हवा निघाल्याने ती थोडी उतरतेच. भर किती लिटर घातली आणि किती तास काम झाल्यावर घातली, याची नोंद यंत्राच्या वहीत असावी. ती असली, की पुढच्या वेळी दिवा लागल्यावर गळती जुनी की नवी हे फिटरला तिथेच कळते.