प्रोग्राम चालला, पण अक्षर मोडले

देवास म्हटले की मराठी रसिकाला कुमार गंधर्वांची आठवण होते. मध्य प्रदेशातील त्याच देवास जिल्ह्यात पीपलरावां नावाचे एक छोटे नगर आहे. समजा, तेथील एखाद्या विद्यार्थ्याने जिल्ह्यातील गावांचे नामफलक पडद्यावर रेखाटून छापणारा डेस्कटॉप प्रोग्राम लिहिला. पहिली चाचणी अर्थातच स्वतःच्या गावाची. ‘पीपलरावां’ हे नाव व्यवस्थित उमटले. काम फत्ते झाले असे मानून त्याने पुढचे नाव घातले, ‘हाटपीपल्या’. आता मात्र ‘ल’चा पाय मोडलेला आणि ‘य’ त्याच्यापासून तुटून पडलेला. ‘सोनकच्छ’ची तीच गत. ‘टोंकखुर्द’मधला रफार ‘द’च्या डोक्यावर जाण्याऐवजी आपल्याच जागी ‘र’ होऊन उभा. फाँट तोच, संगणक तोच, प्रोग्रामही तोच. मग बिघाड कुठे?

तो समजून घेण्यासाठी प्रोग्राम कसा घडतो ते पाहावे लागेल. सी किंवा सी++ मध्ये लिहिलेला मजकूर कंपाइलर थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरवतो. परंतु खिडकी, बटण, चित्र, अक्षर यांचे सारे काम कोणीही पहिल्यापासून लिहीत नाही. ते तयार लायब्रऱ्यांकडून करून घेतले जाते. आपला मजकूर आणि या लायब्रऱ्या यांची सांगड घालणारा तो लिंकर. लायब्रऱ्याही एकमेकींवर विसंबून असतात. लिनक्सवर जीटीके खिडकी उभारते, मजकुराच्या मांडणीसाठी पँगोकडे जाते, पँगो अक्षरजुळणीसाठी हार्फबझला हाक मारते आणि अक्षराचा आकार प्रत्यक्ष रंगवण्यासाठी फ्रीटाइप उपयोगी पडते. या साखळीतली एक कडी निसटली की अडचण सुरू होते.

बोलून दाखवणारे तीन दोष

पहिला दोष कंपाइल करतानाच दिसतो. अमुक हेडर फाइल सापडत नाही, असा संदेश येतो. लायब्ररी संगणकावर आहे, मग ही तक्रार का, असा नवशिक्यांना प्रश्न पडतो. उबुंटू व डेबियनमध्ये लायब्ररी दोन भागांत मिळते, एक चालवण्यासाठी आणि दुसरा तिच्यावर आधारित नवे काही घडवण्यासाठी. दुसऱ्या भागाच्या नावाअखेरीस ‘डेव्ह’ असते, फेडोरात ‘डेव्हल’. तो बसवला की हा अडथळा बहुधा दूर होतो.

दुसरा दोष लिंकरचा. लायब्ररीच सापडली नाही, तर तो तसे स्पष्ट सांगतो. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असा संदेश आला, तर त्याचा अर्थ असा की, एखाद्या कामाचे नाव घेतले गेले, पण ते काम करणारा कोणी भेटला नाही. येथे आधी क्रम तपासावा. आपल्या फाइली अगोदर, लायब्रऱ्या नंतर. आणि त्यांतही जी दुसरीवर विसंबून आहे ती आधी. ३२ बिटांची लायब्ररी ६४ बिटांच्या प्रोग्रामला जोडता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ही नावे हाताने लिहीत बसण्यापेक्षा ‘पॅकेज-कॉन्फिग’ या साधनाला विचारावे. कोणत्या लायब्ररीसाठी काय जोडायचे याची यादी ते देते.

तिसरा दोष प्रोग्राम सुरू करताना प्रकटतो. घरी घडवलेला प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर नेला, की ‘सामायिक लायब्ररी उघडता येत नाही’ असे उत्तर येते. ‘एलडीडी’ ही आज्ञा प्रोग्रामला हव्या असलेल्या लायब्रऱ्या दाखवते. ज्या गवसत नाहीत त्यांच्यासमोर ‘नॉट फाउंड’ असे येते. लायब्ररी नुकतीच हाताने बसवली असेल, तर ‘एलडीकॉन्फिग’ चालवून तिची नोंद करावी लागते. नव्या लिनक्सवर घडवलेला प्रोग्राम जुन्यावर अनेकदा चालत नाही, कारण त्याला ‘जीलिबसी’ या मूलभूत लायब्ररीची नवी आवृत्ती हवी असते. म्हणून जिथे प्रोग्राम चालवायचा आहे, त्यांतल्या सर्वांत जुन्या प्रणालीवर तो घडवणे शहाणपणाचे.

मुका दोष

हे तिन्ही दोष त्रासदायक खरे, पण ते निदान बोलतात. पीपलरावांच्या उदाहरणातला चौथा दोष मुका आहे. काही लायब्रऱ्यांमध्ये हार्फबझची जोड ऐच्छिक असते. खेळ आणि चित्रमय प्रोग्रामांसाठी वापरली जाणारी ‘एसडीएल टीटीएफ’ हे त्याचे उदाहरण. तीत हार्फबझ न घेताही प्रोग्राम कंपाइल होतो, लिंक होतो, चालतोही. इंग्रजी अक्षरे निर्दोष दिसतात. देवनागरी मात्र विस्कटते.

याचे कारण आपल्या लिपीत आहे. युनिकोडमध्ये ‘ल्या’ हे ल, हलन्त, य आणि काना अशा चार चिन्हांनी साठवले जाते. त्यांचे जोडाक्षर करणे, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणणे, रफार पुढच्या अक्षरावर चढवणे ही जुळणी हार्फबझ करते. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडा. त्यावरून हे नाव आले. हरफ हा शब्द मराठीलाही परका नाही. लिब्रेऑफिसने २०१७ मध्ये ५.३ या आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर याच लायब्ररीचा अवलंब केला. ती नसेल तर चिन्हे साठवलेल्या क्रमानेच एकापुढे एक मांडली जातात. ‘पीपलरावां’ या नावात एकही जोडाक्षर नाही, पहिली वेलांटी नाही, रफार नाही. म्हणून ते जुळणीवाचूनही जवळजवळ बरोबर दिसले आणि दोष लपून राहिला.

उपाय काय? लायब्ररी घडवण्याआधी तयारीची पायरी जो अहवाल छापते, तो वाचावा. ‘हार्फबझ : नो’ ही ओळ घाईत नजरेआड होते. ती दिसल्यास हार्फबझचा ‘डेव्ह’ भाग बसवून, संबंधित पर्याय चालू करून लायब्ररी पुन्हा घडवावी. केवळ ‘एलडीडी’च्या यादीवर निर्धास्त राहू नये. क्यूटीसारखी लायब्ररी हार्फबझची प्रत स्वतःतच बाळगू शकते, तेव्हा यादीत नाव येणार नाही. उलट दुसऱ्याच लायब्ररीमुळे नाव यादीत असेल, पण आपला मजकूर त्या वाटेने जात नसेल. अखेरचा पुरावा डोळ्यांचाच.

एक चूक कटाक्षाने टाळावी. पडद्यावर वेलांटी उजवीकडे दिसते म्हणून टंकलेखक ती आधी टाइप करून ‘दुरुस्ती’ करतो. तेवढ्यापुरते चित्र सुधारते, परंतु साठवलेला मजकूर कायमचा बिघडतो. पुढे त्या नावाचा शोध लागत नाही आणि योग्य जुळणी करणाऱ्या संगणकावर ते चुकीचे दिसते. अक्षराचा दोष लायब्ररीत आहे; त्याची शिक्षा नोंदीला देऊ नये.

गोव्यात असा प्रोग्राम घडवणाऱ्यानेही हेच लक्षात घ्यावे. ‘पणजी’, ‘मडगाव’, ‘काणकोण’ ही नावे हा दोष उघड करणार नाहीत. ‘डिचोली’, ‘म्हापसा’, ‘सत्तरी’ करतील. दाखला, ओळखपत्र वा मतदार यादी यांवरचे नाव हीच माणसाची कागदोपत्री ओळख असते. तेव्हा चाचणीसाठी सोपे नाव निवडू नये; जे मोडू शकते तेच आधी छापून पाहावे.