जुन्या डिझेल पिकपची वीज अजिबात बंद पडल्यास काय पाहावें

आमच्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां एखादी जुनी डिझेल पिकप उभी असते. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर असा माल रात्रीं भरून पहांटेच्या लिलावास पोंचवावयाचा असतो, आणि नेमकी त्याच वेळीं गाडी चावी फिरवूनहि मुकी राहते. दिवा नाहीं, हॉर्न नाहीं, सेल्फचा साधा खटका देखील नाहीं. तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत माल सुकतो. आणि मिस्त्री आला म्हणजे त्याचा पहिला सल्ला बहुधा नव्या बॅटरीचा असतो. हा हजारों रुपयांचा खर्च करण्यापूर्वीं शेतकऱ्यानें स्वतः काय पाहावें, तेवढेंच येथें सांगण्याचा आमचा विचार आहे. साहित्य थोडें लागतें. एक दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, बारा व्होल्टच्या बल्बास दोन वायरी जोडून केलेला परीक्षेचा दिवा, आणि जमल्यास स्वस्तांतला एक मल्टिमीटर.

सर्वच कांहीं बंद असणें ही एका अर्थीं बरी खूण समजावी. हॉर्नची, दिव्याची व सेल्फची अशा सर्व वायरी एकाच रात्रीं तुटत नाहींत. दोष सर्वांना सामाईक असलेल्या ठिकाणींच असला पाहिजे; म्हणजे बॅटरी, तिचे दोन टर्मिनल, अर्थिंगची पट्टी किंवा मुख्य फ्यूज. सातबाऱ्यावर नांव दिसेना तर उताऱ्याशीं भांडून उपयोग नसतो, फेरफार पाहात मुळापर्यंत जावें लागतें. तसेंच हें आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत हॉर्न व मोठे दिवे यांना चावीवांचून वीज मिळते. ते चालत असून चावी फिरविल्यावर समोरच्या फळीवरील दिवे मात्र लागत नसतील, तर बॅटरी व अर्थिंग निर्दोष धरून चावीच्या स्विचकडे व त्याच्या वायरीकडे वळावें.

काम करण्यापूर्वीं गाडी न्यूट्रल करून हँडब्रेक ओढावा. हातांतील आंगठी व कडें काढून ठेवावें. बिडी तर नकोच. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, आणि ठिणगीनें बॅटरी फुटली तर तेजाब डोळ्यांत जातें.

बॅटरींत सहा घरें असतात. कांहीं तास स्वस्थ असलेली पूर्ण भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ म्हणजे ती अर्धी उतरली, आणि ११.८ च्या खालीं जवळजवळ रिकामी. चार्ज करूनहि आंकडा १०.५ च्याच आसपास राहिला तर एक घर गेलें असें समजावें. आतां मीटरचे टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच धरून दुसऱ्याकडून दिव्यांचा स्विच दाबवावा व चावी फिरवावी. आंकडा १२.६ वरून एकदम तीन-चारावर कोसळला तर बॅटरी आंतून तुटली आहे. तो जागचा हाललाच नाहीं, तर बॅटरींतून वीज बाहेरच पडत नाहीं. मग नवी बॅटरी घालून काय होणार?

येथें मीटर माणसास कसा फसवितो तें समजून घेणें जरूर आहे. मीटर स्वतः जवळजवळ वीज घेतच नाहीं. त्यामुळें जाड वायरीची एकच तार शाबूत असली, किंवा टर्मिनलवर पांढऱ्या-हिरव्या भुकटीचा थर बसला असला, तरी तो पुढें खुशाल बारा व्होल्ट दाखवितो. पण मोठे दोन दिवे आठ-दहा अँपिअर मागतात आणि डिझेलचा सेल्फ शेंकडों. ती मागणी त्या एका तारेनें भागत नाहीं. म्हणून दिव्यांचा स्विच चालू ठेवूनच तपासावें. एक टोंक शिशाच्या खुंटावर व दुसरें त्यावरील क्लँपवर धरावें. सांधा चांगला असेल तर आंकडा शून्य किंवा ०.१ च्या आंत राहील. कित्येक व्होल्ट दिसले तर चोर तेथेंच सांपडला. याच रीतीनें निगेटिव्ह खुंट व इंजिनाचें उघडें लोखंड, मग तोच खुंट व चॅसिस, असें पाहावें. तेथें ०.२ हून अधिक नसावें. मीटर नसेल त्यानें जाड जंपर केबल निगेटिव्ह खुंटापासून चॅसिसच्या व इंजिनाच्या घांसलेल्या लोखंडास लावावी. तेवढ्यानें दिवे लागले तर अर्थिंग तुटलें आहे.

आमच्या शेजारच्या एका बागाईतदारानें एकाच पावसाळ्यांत दोन बॅटऱ्या घेतल्या. शेवटीं दोष निघाला तो अर्थिंगच्या पट्टीखालच्या गंजलेल्या बोल्टांत. इंजिनाचें अर्थिंग गेलें असतां सेल्फची वीज कधीं कधीं ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते व ती केबल तापते. ही खूण ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

सांधे साफ करतांना निगेटिव्ह आधीं सोडवावा व शेवटीं जोडावा. नाहींतर पाना बॉडीस टेकतांच मोठी ठिणगी उडते. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानें भुकटी धुवावी, पण तें पाणी घरांत जाऊं देऊं नये. मग घांसून घट्ट आवळावें व वरून पेट्रोलियम जेली लावावी.

एवढ्यानें न भागल्यास पॉझिटिव्हजवळील मुख्य फ्यूज पाहावा. जुन्या गाड्यांत तो बहुधा वायरीच्या तुकड्यासारखाच असतो. आंतील तार वितळली तरी वरचें आवरण शाबूत दिसतें. ओढून पाहिल्यास तो रबरासारखा ताणतो. दिव्याचें एक टोंक निगेटिव्हवर ठेवून दुसरें त्या तुकड्याच्या अलीकडे व पलीकडे लावावें. अलीकडे लागतो व पलीकडे लागत नाहीं, तर निकाल झाला. तेथें साधी वायर किंवा सिगारेटची चांदी बसविणें म्हणजे गाडीस आग लावणें होय. तो कां वितळला तें आधीं शोधावें. उंदरांनीं वायरी कुरतडल्या असतील, वायर चॅसिसच्या कांठावर घांसली असेल, किंवा कोणीं जंपर केबल उलटी लावली असेल.

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं, म्हणून धक्का मारून तें चालू करावें असें पुष्कळांस वाटतें. इंजिन बंद करण्याची ओढकेबल ज्या गाडीस आहे, तेथें हें साधतें. परंतु ज्या पंपावर विजेनें उघडणारा सोलेनॉइड आहे, तेथें वीज मुळींच नसतां डिझेल पुढें जात नाहीं. चार माणसें फुकट दमतात. चालत्या इंजिनावर बॅटरीचा क्लँप काढून पाहण्याचीहि खोड कित्येकांस असते. तिनें डायनामाचे डायोड जळतात.

गाडी सुरू झाल्यावर खुंटांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. ते दिसूनहि बॅटरी रात्रींतून उतरत असेल तर वीज कोठें तरी गळत आहे. केबिनमधील दहा वॅटचा दिवा सुमारें ०.८ अँपिअर घेतो. दोन दिवसांत सत्तर अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी होते. आधीं हीटर प्लगच्या रिलेस हात लावावा. बंद गाडींत तो गरम लागला तर तो चिकटला आहे. नंतर चावी बंद ठेवून निगेटिव्ह खुंट व क्लँप यांच्यामध्यें मीटर दहा अँपिअरवर लावावा. चावीस मात्र हात लावूं नये. ५० मिलिअँपिअरपेक्षां अधिक दिसल्यास एकेक फ्यूज काढीत जावें. कोणताहि फ्यूज काढून आंकडा पडेना, तर मीटर व निगेटिव्ह सोडवून डायनामाच्या मागची जाड वायर काढावी, तिचें टोंक कापडांत गुंडाळावें व पुन्हां मीटर लावावा. आतां आंकडा पडला तर डायनामाच्या आंतील डायोड गळका आहे.