ब्रेकची नळी गंजली तर

मोटार चालते कशी हे पुष्कळ मुले विचारतात. ती थांबते कशी हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. पण दिवाळीच्या सुट्टीत माझ्या काकांच्या जुन्या जीपचा ब्रेक लागेना, तेव्हा मला ते कळले.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राकाठी आहे. गावात शिरताना मोठा उतार लागतो. त्या उतारावर काकांनी ब्रेकवर पाय दिला, तर पॅडल एकदम तळालाच गेले! जीपमध्ये आजी, मी आणि नारळाची दोन पोती होती. काकांनी चटकन गियर खाली घेतला आणि हँडब्रेक ओढला. जीप गडग्याला घासून उभी राहिली. कोणाला लागले नाही. पण आजी घरी येईपर्यंत एक शब्दही बोलली नाही.

पायाचा ब्रेक तेलावर चालतो. पॅडल दाबले की एका नळकांड्यातले तेल दाबले जाते. तो दाब लोखंडी नळ्यांतून चारही चाकांकडे जातो. चाकांतले ब्रेकचे पट्टे ड्रमवर घट्ट बसतात आणि चाक थांबते. कोंडलेल्या द्रवावर दाब दिला, की तो सगळीकडे सारखा पोचतो. हा नियम फ्रान्समधील शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांनी सांगितला. हँडब्रेकला तेल लागत नाही, तो तारेने ओढला जातो. म्हणून तो वाचला आणि आम्हीही वाचलो.

गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करून दाखवला. सुई काढलेल्या दोन पिचकाऱ्या नळीने जोडल्या आणि आत पाणी भरले. एक दाबली की दुसरी लगेच वर येई. मग आत थोडी हवा सोडली. आता दाबले तरी दुसरी नीट हलेना. हवा दबते, पाणी दबत नाही.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून मिस्त्री आले. त्यांनी जॅक लावला आणि शिवाय खाली लाकडाचे जाड ठोकळे ठेवले. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली कधी शिरू नये, असे ते म्हणाले. मागच्या चाकाकडे जाणारी नळी एके ठिकाणी गंजून फुटली होती. ती पेन्सिलीहून बारीक असते आणि तिची भिंत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो. आमच्याकडे खारा वारा, म्हणून तो लवकर चढतो. चिखल साचतो तिथे तर फारच.

मी विचारले, "वरून रबर बांधून चालणार नाही का?" मिस्त्री हसले. म्हणाले, "बाळा, ब्रेक मारला की दाब एवढा असतो की रबर उडून जाईल. नळी नवीच घालायची."

काका म्हणाले, "फुटलीय तेवढीच बदला." मिस्त्रींनी दुसरी नळी नखाने खरवडली. तिचे पापुद्रे हातात आले. ते म्हणाले, "दादा, एक सडली म्हणजे बाकीच्याही तिच्याच वयाच्या." मग काका काही बोलले नाहीत. सगळ्या नळ्या बदलल्या.

नव्या नळ्या तांबे आणि निकेल मिसळून केलेल्या होत्या. त्या लोखंडासारख्या गंजत नाहीत. नुसत्या तांब्याची नळी मात्र घालू नये. हादऱ्यांनी ती तडकते. जुनी नळी शेजारी ठेवून नवी तशीच वाकवली. मग नळीचे तोंड हत्याराने दुहेरी फुलवले, म्हणजे नटाखाली ते घट्ट बसते. मिस्त्रींचा मदतनीस नट आधी ओवायला विसरला आणि तोंड फुलवून बसला! मग तोंड कापून पुन्हा सगळे करावे लागले.

शेवटी हवा काढली. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली. काका पॅडल दाबून धरत, मिस्त्री चाकाजवळचा स्क्रू सैल करत, तेल बाटलीत पडे. स्क्रू बंद झाल्यावरच काका पाय काढत. बाटलीत बुडबुडे येत होते. ते यायचे थांबले तेव्हा पॅडल दगडासारखे कडक झाले. मग मिस्त्रींनी पॅडल दाबून धरायला लावून सगळे सांधे पाहिले आणि सपाट रस्त्यावर हळू चालवून बघितले.

ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून तेही साधारण दोन वर्षांनी बदलावे. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

आता एक गोष्ट सांगतो. ब्रेक जायच्या दोन दिवस आधी मला मागच्या चाकाजवळ ओला डाग दिसला होता. मी बोट लावले, तर ते बुळबुळीत होते. पण मोठी माणसे कामात होती, म्हणून मी गप्प राहिलो. मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते ओरडले नाहीत. म्हणाले, "तो डाग म्हणजे गाडीने मारलेली हाक होती."

तर मित्रांनो, गाडीखाली ओला डाग दिसला तर लगेच मोठ्यांना सांगा. ते कामात असले तरी सांगा. मी आता रोज सकाळी जीपखाली वाकून बघतो. आजी म्हणते, "बघितलंस ना? मग मी बसते."

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी