साधन, साक्षी आणि उत्तर : इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेतील उताऱ्याचे वाचन

लखनौ शहरात गोमतीच्या उत्तरेस असलेल्या अलीगंज भागात हनुमानाचे एक जुने मंदिर आहे. त्याच्या शिखरावर चंद्रकोर आहे. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे ज्येष्ठातले मंगळवार तेथे ‘बडा मंगल’ म्हणून साजरे होतात आणि शहरभर भंडारे चालतात. मंदिराच्या उभारणीविषयी एकाहून अधिक कथा सांगितल्या जातात. एका कथेप्रमाणे नवाब घराण्यातील एका बेगमेला दृष्टांत झाला आणि तिने मूर्ती स्थापन करविली. मात्र ही बेगम कोण, याविषयी सांगणाऱ्यांत एकमत नाही. दुसऱ्या कथेत सुगंधी द्रव्यांचा एक व्यापारी येतो. त्याचा माल विकला जाईना, म्हणून त्याने नवस केला आणि पुढे तो फेडला.

आता असा प्रश्न कल्पावा : ‘शिखरावरील चंद्रकोर हा बेगमेने मंदिर बांधल्याचा पुरावा आहे काय?’ होकारार्थी उत्तर सोपे आहे आणि मनाला रुचणारेही आहे. परंतु चंद्रकोर शिखरावर आहे एवढेच तिच्यावरून डोळ्यांना कळते. ती कोणी व केव्हा बसविली, हे ती स्वतः सांगत नाही. ते कथा सांगते; आणि कथेचा काळ व सांगणारा कोण, हे वेगळे तपासावे लागते. वस्तू, कथा आणि अनुमान या तीन गोष्टी वेगळ्या ठेवता येणे, हेच साधनाधारित प्रश्नाचे सारे मर्म होय.

या प्रश्नप्रकाराचे नावही विचार करण्याजोगे आहे. हिंदीत त्यास ‘स्रोत आधारित प्रश्न’ म्हणतात. स्रोत म्हणजे झरा. तो आपोआप वाहतो, आपण ओंजळ धरावयाची. मराठीत मात्र ‘साधन’ हा शब्द रूढ झाला. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली आणि तेथपासून हा शब्द पुढे शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचला. साधन आपोआप काही देत नाही. ते वापरावे लागते आणि वापरणाऱ्याच्या हाताप्रमाणे त्याचे फळ बदलते. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना अधिक मोल दिले, ते याच जाणिवेने. बखर घटनेनंतर, कोणाच्या तरी सांगण्यावरून व हेतूने लिहिली जाते. पत्र त्या दिवसाच्या निकडीतून जन्मते. अर्थात पत्रलेखकालाही हेतू असतोच, ही पुढची पायरी झाली.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या इतिहासाच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत अलीकडच्या आराखड्याप्रमाणे प्रत्येकी ४ गुणांचे तीन साधनाधारित प्रश्न असतात. प्रत्येक उताऱ्याखाली लहान उपप्रश्न दिलेले असतात. पहिला बहुधा उताऱ्यात काय आहे ते विचारतो, दुसरा त्यातून काय सूचित होते ते, आणि तिसरा त्या मजकुराचे ऐतिहासिक महत्त्व. विद्यार्थ्यांच्या चुकाही याच पायऱ्यांवर होतात. काही जण उताऱ्यातील वाक्ये जशीच्या तशी उतरवितात. काही उताऱ्याकडे न पाहता पाठ केलेले टिपण ओततात. तिसरा वर्ग ‘हे साधन पक्षपाती आहे’ असा शिक्का मारून मोकळा होतो. पक्षपात दाखविणे हा उत्तराचा आरंभ आहे, शेवट नव्हे. हा पक्षपात आपल्याला कोणाविषयी काय शिकवितो, हे सांगितले तरच उत्तर पुरे होते.

याचे चांगले उदाहरण १८५७ च्या उठावाविषयीच्या साधनांत सापडते. २५ ऑगस्ट १८५७ चा आझमगढचा जाहीरनामा बारावीच्या पाठ्यपुस्तकात दिलेला आहे. त्यात जमीनदार, व्यापारी, सरकारी नोकर, कारागीर आणि पंडित-फकीर अशा वर्गांना निरनिराळे उद्देशून बोलले आहे. ‘इंग्रजांच्या राजवटीत या वर्गांचे हाल झाले’ एवढे लिहिणारा विद्यार्थी उतारा वाचतो. ‘ज्यांचा पाठिंबा हवा होता त्यांची यादीच येथे मिळते, आणि प्रत्येकाला काय बोलल्याने तो वळेल याविषयीची कर्त्यांची समजूतही मिळते’ असे लिहिणारा विद्यार्थी साधन वापरतो. पहिल्याला तक्रारी दिसतात. दुसऱ्याला बोलणारा आणि ऐकणारा हे दोघेही दिसतात.

मराठी वाचकाला या संदर्भात विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ आठवणे स्वाभाविक आहे. कोकणातील वरसईचे हे भिक्षुक आपल्या चुलत्यासह १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि उठावात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. बंडाची कारणे मात्र त्यांनी वाटेत ऐकली. धर्म बुडविण्यासाठी सरकारने कलमांची यादी काढल्याची जी हकीकत ते देतात, ती घटना म्हणून खरी मानता येत नाही. पण असे बोलले जात होते व त्यावर विश्वास बसत होता, याचा ती अव्वल पुरावा आहे. एकाच पुस्तकातील एक पान डोळ्यांचे आणि दुसरे कानांचे असू शकते. म्हणून ‘हे साधन विश्वसनीय आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे, ‘कशासाठी विश्वसनीय?’ असे विचारले पाहिजे.

काळाचे अंतरही लक्षात घ्यावे लागते. गोडसे यांनी हे लेखन घटनांनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी केले. ते ग्रंथरूपाने आले १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्य यांच्या हातून. वैद्यांनी भाषा नीटनेटकी केली आणि मजकुरातही फेरफार केला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी केलेली आवृत्ती १९६६ साली निघाली. मधल्या जवळजवळ साठ वर्षांत वाचकांसमोर जे गोडसे होते, त्यांच्या बोलण्यात वैद्यांचाही आवाज मिसळलेला होता. लखनौचे हिंदी कादंबरीकार अमृतलाल नागर यांनी या पुस्तकाचा ‘आँखों देखा गदर’ हा हिंदी अनुवाद केला तो १९६६ पूर्वीच. म्हणजे त्यांच्यासमोर मूळ हस्तलिखिताची आवृत्ती नव्हती. याच नागरांनी पुढे अवधच्या गावांतून हिंडून लोकांच्या तोंडच्या आठवणी गोळा केल्या आणि १९५७ साली ‘गदर के फूल’ हे पुस्तक सिद्ध केले. अनुवादात त्यांनी दुसऱ्याची साक्ष आपल्या भाषेत आणली. येथे शंभर वर्षांपूर्वीच्या घटनेची पिढ्यांतून उतरत आलेली साक्ष नोंदविली.

तेव्हा अलीगंजमधील विद्यार्थ्यासमोर गोडसे यांचा एखादा हिंदी परिच्छेद ठेवला, तर त्यामागे किती हात आहेत हे मोजून पाहावे : गोडसे यांची स्मृती, वैद्यांचे संपादन, नागरांचा अनुवाद आणि शेवटी प्रश्नकर्त्याची कात्री. उताऱ्याखाली ‘गोडसे’ एवढेच नाव घातले, तर विद्यार्थ्याचे उत्तर निर्दोष असूनही ते नेमके कोणाविषयी आहे, हे सांगता येणार नाही. एखाद्या शब्दाच्या छटेवरून त्याने गोडसे यांचा स्वभाव ठरविला आणि तो शब्दच वैद्यांचा किंवा नागरांचा असला, तर चूक विद्यार्थ्याची नव्हे.

चित्रांच्या बाबतीत हाच नियम लागू पडतो. लखनौच्या सिकंदरबागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये मोठा संहार झाला. फेलिचे बेआतो याने १८५८ साली घेतलेल्या त्या जागेच्या छायाचित्रात पुढच्या बाजूस हाडे पसरलेली दिसतात. संहारानंतर काही महिन्यांनी घेतलेल्या या चित्रासाठी हाडे मुद्दाम मांडण्यात आली, असे अभ्यासकांचे मत आहे. छायाचित्र खोटे नाही, संहारही खोटा नाही. पण मांडणी कोणाला काय दाखविण्यासाठी झाली, हे विचारल्यावाचून ते साधन वापरता येत नाही.

यावरून उत्तर लिहिण्याची एक सरळ रीत निघते. प्रथम उताऱ्याखालचे नाव, साल व मूळ भाषा वाचावी आणि मग उतारा. उताऱ्यातील विधान स्वतःच्या शब्दांत सांगावे. अनुमान काढताना ते उताऱ्यातील कोणत्या शब्दावर उभे आहे, ते दाखवावे. बाहेरची माहिती आणावी, पण ती बाहेरची आहे हे वाक्यरचनेतून कळू द्यावे. शेवटी हे साधन कोणत्या गोष्टीविषयी मौन पाळते, ते एका वाक्यात नोंदवावे.

वक्ता, काळ, श्रोता आणि पाठ यांची ही चौकशी भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला नवी नाही. पाठचिकित्सेत तो तीच करतो. म्हणूनच उतारे निवडण्याच्या व अनुवादण्याच्या कामात त्याचा वाटा असला पाहिजे. उताऱ्याखाली आवृत्तीचे साल, मूळ भाषा आणि अनुवादकाचे नाव अशी एक ओळ अधिक छापण्यास फारशी जागा लागत नाही. तेवढ्याने सतरा वर्षांच्या मुलाला कळते की इतिहास कोणीतरी, कधीतरी, कोणत्या तरी भाषेत सांगितलेला असतो.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मग असे लिहिता येईल : शिखरावरील चंद्रकोरीवरून मंदिर कोणी बांधले हे सिद्ध होत नाही. बेगमेची कथा आणि व्यापाऱ्याची कथा या मौखिक परंपरा असून त्यांची सांगड इतर नोंदींशी घालावी लागेल. परंतु हे देवस्थान नवाबी काळाशी व दोन्ही समाजांशी जोडून सांगावे असे लोकांना वाटत आले, एवढे या कथांवरून निश्चित म्हणता येते. या उत्तरात श्रद्धेचा अवमान नाही आणि पुराव्याशी तडजोडही नाही.