पाळीचं काम आणि मुलांचं वळण

‘सर, ऐकत नसेल तर खुशाल दोन ठेवून द्या,’ असे सांगणारे पालक पिंपरी-चिंचवडच्या शिक्षकांना नवे नाहीत. त्याच वर्गातले दुसरे पालक विचारतात, ‘त्याला प्रश्न विचारायला वाव मिळतो ना?’ पहिले अडाणी, दुसरे जागरूक, असा शेरा मारून आपण मोकळे होतो. आम्हाला ही घाई वाटते.

मेल्विन कोन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात वॉशिंग्टनमधील आईवडिलांना विचारले, मुलात कोणते गुण असावेत? कामगारांच्या घरांत आज्ञाधारकपणा आणि नीटनेटकेपणा यांना अधिक पसंती होती. मध्यमवर्गीय घरांत जिज्ञासा आणि स्वतःवरचा ताबा यांना. पुढे कोनने पगारापेक्षा कामाचे स्वरूप तपासले. वर देखरेख किती कडक, काम किती एकसुरी, स्वतःचे डोके किती चालवावे लागते? दिवसभर सांगितले तेवढेच करावे लागते, तो बाप मुलालाही तेच शिकवतो. त्याच्या अनुभवात नोकरी त्यानेच टिकते! मग कामामुळे माणूस तसा घडतो, की तसा माणूसच ते काम धरतो? त्याच पुरुषांना दहा वर्षांनी पुन्हा भेटल्यावर दोन्ही दिशांनी परिणाम दिसला. अर्थात ही सरासरी झाली. एखाद्या घराचे भविष्य त्यावरून सांगता येत नाही.

आपल्याकडे १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग इतर कारखाने आले. शेतात मूल आईबापाच्या हाताखाली काम शिकत असे. कारखान्याच्या फाटकाआड बापाचे कसब मुलाला दिसेनासे झाले. वारसा म्हणून जमिनीची जागा शाळेच्या दाखल्याने, आयटीआयने घेतली. भारतात १९७१ साली हजार जन्मांमागे १२९ अर्भके दगावत, २०२० साली २८. मूल जगणार हा भरवसा आल्यावर मुले कमी झाली, एकेकावरची अपेक्षा वाढली.

चाकणच्या कंत्राटी कामगाराची अडचण आणखी वेगळी. पुढच्या महिन्यात काम असेल का, ठाऊक नाही. आजी गावाकडे. खोली एकच. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो आणि पोराला दिवसभर ‘गप्प बस’ ऐकावे लागते. वर्गात न बोलणारे मूल कधी कधी हेच वळण घेऊन आलेले असते.

शिवाय इथल्या अनेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी आणि शाळेला रविवारी. बापलेकाची गाठ पडायची कधी? पालकसभा एकदा गुरुवारी संध्याकाळी घेऊन पाहावी. कोण कोण येते, ते आम्हालाही जरूर कळवा.