अरबी समुद्राचा ताप आणि वागळे इस्टेटचे पत्रे

ऑक्टोबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात ‘शक्ती’ चक्रीवादळ अरबी समुद्रात जोर धरू लागले, तेव्हा ठाणे-पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत दक्षतेच्या सूचना फिरल्या. वादळ पश्चिम-नैर्ऋत्येकडे सरकले, भर समुद्रात तीव्र चक्रीवादळ झाले आणि मागे वळून तिथेच विरले. लगेच ‘हवामान खात्याचा अंदाज पुन्हा चुकला’ असा सूर निघाला. तो अन्यायाचा आहे. शक्ती किनाऱ्यापासून दूर जाईल आणि पुढे उलटी वळेल, हे हवामान विभागाच्या पत्रकांत सुरुवातीपासून होते. वादळ कुठे जाणार नाही हे आधी सांगता येणे हेही या शास्त्राचे यशच आहे, आणि त्यातला मोठा वाटा समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांचा आहे. त्यांची नावे मात्र बातम्यांत क्वचितच येतात.

चक्रीवादळाचे इंधन म्हणजे उबदार समुद्रावरून उठणारे बाष्प. पण पृष्ठभागाचे तापमान मोजून भागत नाही. वादळी वारा समुद्र घुसळून काढतो आणि खालचे थंड पाणी वर आणतो. उबदार थर उथळ असेल, तर वादळ स्वतःच्याच घुसळणीने स्वतःचे इंधन संपवते. थर खोल असेल, तर कितीही घुसळले तरी वर गरम पाणीच येत राहते आणि वादळ फोफावते. म्हणून २६ अंश सेल्सियसपेक्षा गरम पाणी किती खोलवर आहे आणि त्यात एकूण किती उष्णता साठली आहे, हा आकडा वादळाच्या अंदाजात फार मोलाचा ठरतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था तो नकाशाच्या रूपात देते. त्यासाठी उपग्रह समुद्राची उंची मोजतात, कारण तापलेले पाणी प्रसरण पावते आणि तिथला समुद्र किंचित उचलला जातो. दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून साधारण दहा दिवसांनी वर येणारे अर्गो फ्लोट तापमान आणि क्षारता कळवतात. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे नांगरलेले बोया एकाच जागी राहून नोंदी घेत असतात.

अरबी समुद्राची एक खासियत कोकणपट्टीवरच्या प्रत्येकाला ठाऊक असावी अशी आहे. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये लक्षद्वीपच्या परिसरात समुद्राचे तापमान ३० अंशांच्या आसपास किंवा वर जाते. हे गरम पाणी तिथेच का साठते, याचा उलगडा गोव्यात दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाला. सतीश शेट्ये, शेणॉय आणि शंकर यांनी १९९९ साली मांडलेली साखळी अशी: पावसाळ्यानंतर बंगालच्या उपसागरातले नद्यांनी गोडसर केलेले पाणी प्रवाहांबरोबर श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याने वर सरकते. कमी खारट पाणी हलके, म्हणून ते वरच तरंगत राहते आणि खालच्या थंड पाण्याशी सहजी मिसळत नाही. त्याच सुमारास समुद्रातल्या अतिसंथ लाटा, ज्यांचा एक प्रवास पुरा व्हायला महिने लागतात, तिथला उबदार थर खाली दाबून जाड करतात. उन्हाळ्याचे ऊन त्या वरच्या थरातच कोंडले जाते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पुराचे पाणी अशा रीतीने पुढच्या मेमध्ये लक्षद्वीपचा समुद्र तापवायला कारणीभूत होते. ठाण्याला भिजवणारे ‘तौक्ते’ चक्रीवादळ १४ मे २०२१ रोजी याच लक्षद्वीपच्या परिसरात जन्मले. वादळाचा अंदाज सांगणाऱ्याला सहा महिने आधीचा आणि दुसऱ्या किनाऱ्यावरचा समुद्रही का पाहावा लागतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

समुद्र तापला की वादळ येणारच, असा समज मात्र करून घेऊ नये. या बाबतीत सर्वांत मोलाची मांडणी एका पुणेकर विदुषीची आहे. डॉ. सुलोचना गाडगीळ यांचा जन्म १९४४चा, पुण्यातला. हार्वर्डमध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी गल्फ स्ट्रीम या महाप्रवाहाच्या नागमोडी वळणांचे गणित मांडले. १९७१मध्ये भारतात परतून त्या पुण्याच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, आणि नंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. तिथले वातावरण आणि महासागर विज्ञानाचे केंद्र उभे करणाऱ्यांत त्या होत्या. १९८०मध्ये डी. आर. सिक्का यांच्यासह त्यांनी उपग्रहचित्रांतल्या ढगांच्या पट्ट्यांचा अभ्यास केला. मोसमी पाऊस म्हणजे जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकाचा साधा खेळ नसून विषुववृत्तीय ढगपट्ट्याचे ऋतूनुसार उत्तरेला सरकणे आहे, असे त्यांनी दाखवले. आज पाठ्यपुस्तकांत बसलेला हा विचार तेव्हा धाडसाचा होता.

वादळांच्या दृष्टीने त्यांचा १९८४चा निबंध अधिक महत्त्वाचा. पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह ‘नेचर’मध्ये आलेल्या या निबंधात त्यांनी हिंदी महासागराचे तापमान आणि त्यावरचे ढग यांची सांगड तपासली. निष्कर्ष असा निघाला की समुद्राचे तापमान साधारण २८ अंशांच्या खाली असेल तर उंच, संघटित ढग सहसा बनत नाहीत. ही मर्यादा ओलांडली की ते बनू शकतात, पण बनतीलच असे नाही, आणि समुद्र आणखी तापला म्हणून ढग त्या प्रमाणात वाढतही नाहीत. मर्यादेच्या पुढे निर्णय हवेच्या हाती जातो: वरच्या आणि खालच्या थरांतले वारे एकमेकांशी जुळतात का, हवेत पुरेसा ओलावा आहे का, फिरकीला सुरुवात करून देणारे कमी दाबाचे क्षेत्र आहे का. जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळे जवळपास होत नाहीत, याचे एक मोठे कारण हेच. खालचे मोसमी वारे एका दिशेने आणि वरचे बरोबर उलट वाहतात आणि वादळाचा खांब उभाच राहू देत नाहीत. म्हणून हंगाम दोन, मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘समुद्र तापला, आता महावादळ’ अशा मथळ्यांच्या काळात गाडगीळ यांचा तो निबंध पुन्हा वाचण्याची गरज आहे. जुलै २०२५मध्ये त्यांचे निधन झाले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी कर्नाटकातल्या पावगडच्या कोरडवाहू भुईमूग शेतकऱ्यांबरोबर काम केले. पेरणी कधी करायची हे ठरवताना कोणत्या प्रकारचा अंदाज उपयोगी पडतो, हा त्यांचा प्रश्न होता. अंदाजाची किंमत तो वापरणाऱ्याच्या निर्णयावर मोजण्याची ही रीत वादळांच्या बाबतीत आपल्याकडे अजून रुजलेली नाही.

तापमानवाढीचा परिणाम मात्र नोंदींत दिसू लागला आहे. आयआयटीएमच्या मेधा देशपांडे आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने १९८२ ते २०१९ या काळातली वादळे तपासली. या काळाच्या दुसऱ्या निम्म्यात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली आणि अतितीव्र वादळांची १५० टक्क्यांनी. वादळे जगण्याचा अवधीही लांबला. बंगालच्या उपसागरात संख्या थोडी घटली. अरबी समुद्रात मुळात वादळे कमी, त्यामुळे टक्केवारी मोठी दिसते, हे ध्यानात घेतले तरी कल स्पष्ट आहे.

हे सारे अंदाजात उतरते ते संगणकाच्या मॉडेलमधून. हवा आणि समुद्र यांचे चौकोनी किंवा त्रिकोणी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात वारा, दाब, उष्णता, ओलावा यांची समीकरणे सोडवायची आणि काही मिनिटांच्या टप्प्यांनी काळ पुढे ढकलत जायचा. तुकडा जितका लहान तितके चित्र बारीक, आणि गणिताचा बोजाही तितका अवाढव्य. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएममध्ये बसवलेला ‘अर्क’ हा महासंगणक ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा आहे. याच संस्थेत तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५मध्ये वापरात आली आणि जागतिक मॉडेलच्या तुकड्याचा आकार १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आला. चक्रीवादळासाठी वेगळे मॉडेल असते. अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेकडे घडलेले असे मॉडेल हवामान विभागाने आपल्या समुद्रासाठी चालवले, आणि त्यात हवेचे गणित समुद्राच्या गणिताशी जोडलेले होते. वादळ समुद्राला थंड करते आणि थंडावलेला समुद्र वादळाला, हा परस्पर व्यवहार जोडणी नसेल तर सुटून जातो.

मार्गाचा अंदाज आता बराच सुधारला आहे. २४ तास आधी सांगितलेल्या केंद्राच्या जागेत हवामान विभागाची सरासरी चूक अलीकडे ७०-८० किलोमीटरच्या आसपास असते. भर समुद्रात हे अंतर किरकोळ आहे. पण ठाणे ते अलिबाग सरळ रेषेत साठेक किलोमीटरच भरते. म्हणजे उत्तम अंदाज हाती असूनही ‘ठाणे की अलिबाग’ हे आदल्या दिवशी खात्रीने सांगता येत नाही, आणि विभाग नकाशावर रेघेबरोबर रुंद होत जाणारा पट्टा दाखवतो तो त्यासाठीच. वृत्तवाहिन्या पट्टा गाळून रेघ तेवढी दाखवतात, ही चूक गंभीर आहे. तीव्रतेचा अंदाज अजूनही मार्गाच्या मागे आहे. काही तासांत वादळ एकदम बळावले, जसे तौक्तेचे झाले, की मॉडेलांची दमछाक होते, आणि त्याचे मूळ बऱ्याचदा समुद्राच्या वरच्या शंभर मीटरांत दडलेले असते.

रेघेवर किती विसंबावे हे दोन वादळांनी दाखवून दिले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. मुंबई-ठाण्याने श्वास रोखून धरला होता, पण उद्ध्वस्त झाल्या त्या श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा. पुढच्या वर्षी १७ मे रोजी तौक्ते मुंबईपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर समुद्रातून गुजरातकडे गेले, जमिनीवर चढले ते उनाजवळ, आणि तरीही सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले. बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ ‘पी-३०५’ तराफा बुडून सत्तरएक माणसे गेली. इशारे काही दिवस आधीपासून दिलेले होते.

जवळचे वादळ हुकले आणि दूरचे लागले, यात नशिबाचा भाग थोडा. आपल्या गोलार्धात वादळाच्या प्रवासाच्या उजव्या बाजूला वारा अधिक जोरकस असतो, कारण तिथे फिरकीचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र येतात. निसर्ग ईशान्येकडे चालले होते, त्याच्या उजवीकडे श्रीवर्धन-दापोली आणि डावीकडे मुंबई-ठाणे. तौक्ते उत्तरेकडे चालले होते, त्याच्या उजवीकडे सगळी किनारपट्टी. शिवाय तौक्ते कितीतरी बलाढ्य होते. ‘वादळ आपल्यावर येणार का?’ यापेक्षा ‘वादळाच्या कोणत्या बाजूला आपण आहोत?’ हे विचारले, तर उत्तर अधिक कामाचे मिळते.

मुंबईवर थेट महावादळ आले तर काय, हाही प्रश्न शास्त्रज्ञांनी हाताळला आहे. १८८२ साली मुंबईत एक लाख माणसे चक्रीवादळात गेली, ही इंटरनेटवर फिरणारी गोष्ट खोटी आहे. त्या वेळच्या नोंदींत तसले काही नाही. लेखक अमिताव घोष यांनी कोलंबिया विद्यापीठाचे ॲडम सोबेल यांच्याकडे मुंबईच्या धोक्याविषयी विचारणा केली. सोबेल आणि सहकाऱ्यांचा, त्यांत आयआयटीएमचे पार्थसारथी मुखोपाध्यायही होते, निबंध २०१९मध्ये आला. प्रत्यक्ष नोंदी फारच थोड्या, म्हणून त्यांनी संगणकात हजारो कृत्रिम वादळे सोडून पाहिली. भीषण वादळ थेट मुंबईवर येण्याची शक्यता कमी निघाली, पण शून्य निघाली नाही. नोव्हेंबर १९४८मध्ये मुंबईला चक्रीवादळाने झोडपले होते, हे मात्र पक्क्या इतिहासातले आहे.

ठाण्याची वागळे इस्टेट मात्र समुद्रकिनारी नाही. एमआयडीसीच्या या पहिल्या वसाहतीच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर, पूर्वेला महामार्ग आणि पलीकडे खाडी. वादळाची लाट इथे कारखान्यात शिरणार नाही. इथला धोका तौक्तेसारखाच: सुट्या पत्र्यांच्या शेड, जाहिरातींचे फलक, जुनी झाडे, आणि डोंगरावरून नाल्यांत उतरणारे पाणी. मुसळधार पाऊस खाडीच्या मोठ्या भरतीच्या तासांत पडला तर नाल्यांचा निचरा अडतो आणि गाळ्यांत पाणी शिरते. किसननगरच्या जुन्या इमारतींना वाऱ्यापेक्षा भिंतीत मुरणारे पाणी अधिक घातक. इशारा मात्र ‘ठाणे जिल्हा, ऑरेंज’ एवढाच येतो. तो मुरबाडलाही तोच आणि रोड नंबर १६लाही तोच. लेथ चालवणाऱ्या लघुउद्योजकाला रात्रपाळी ठेवायची की नाही, कच्चा माल फळ्यांवर उचलायचा की नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही.

मुंबईसाठी २०२०मध्ये ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा प्रणाली उभी राहिली. पाऊस, भरती आणि नाल्यांची वहनक्षमता एकत्र धरून कोणत्या भागात किती पाणी साचेल हे ती सांगते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीला तशीच प्रणाली हवी. तिचा पाया म्हणजे पावसाच्या दाट नोंदी, आणि त्या वागळे इस्टेटमधल्या उंच इमारतींच्या गच्च्यांवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवून मिळू शकतात. एका कारखान्याला त्याचा खर्च जड नाही. ठाणे लघुउद्योग संघटना, एमआयडीसी आणि महापालिका यांनी मिळून पुढच्या मेआधी ते बसवावेत, त्यांच्या नोंदी हवामान विभागाला आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांना द्याव्यात, आणि प्रत्येक शेडमालकाने पत्र्यांचे हूक आताच तपासून घ्यावेत.